शंकेखोर आयटी कॉन्ट्रॅक्टरला करिअर कोर्स कसा विकायचा: तयारीपासून रिफंडपर्यंतचा क्रम

करिअर कोर्स विकणारे बहुतेक जण एकाच वाटेने जातात. आधी व्हिडिओ रेकॉर्ड करायचे, मग झगमगीत पान, मग वेबिनार, मग सवलत. शेवटी कोणी 'याचा नेमका कोणाला काय उपयोग झाला?' असं विचारलं की पुराव्याची शोधाशोध सुरू होते. पगारदार माणसाच्या बाबतीत हे कसंबसं निभावतं, कारण तिथे पुष्कळदा फी कंपनी भरते आणि प्रशिक्षणाच्या दिवसाचा पगारही मिळतो. आयटी कॉन्ट्रॅक्टरची, म्हणजे नोकरीऐवजी ठरावीक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्याची, फी त्याच्या स्वतःच्या खिशातून जाते आणि शिकण्यात गेलेल्या तासाचं बिल कोणालाच लावता येत नाही. म्हणजे तो दोनदा पैसे मोजतो. शिवाय 'हे चालतं' असं कोणी म्हटलं की ते चालवून बघायचं, ही त्याच्या धंद्याची सवय. शंका घेणं ही त्याची खरेदी करायची पद्धतच आहे, तेव्हा ती शंका घालवण्याच्या मागे लागू नका. त्याला तपासता येईल असं काहीतरी हातात द्या.

क्रम असा: अडचण, हिशेब, पुरावा, आणि मगच विक्रीचं पान. पहिल्या तीन पायऱ्या गाळल्या तर पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

पायरी १: एकच अडचण निवडा

'करिअरमध्ये यश' हा माल विकायला काढू नका. यश तपासून घेता येत नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या अडचणी मात्र अगदी ठोस असतात:

- एक कॉन्ट्रॅक्ट संपून दुसरं सुरू होईपर्यंत मोकळे जाणारे आठवडे.
- वर्षानुवर्षं तोच दर, कारण नूतनीकरणाच्या वेळी विषय कसा काढायचा हेच कळत नाही.
- एजन्सीने (क्लायंट आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्यातल्या मध्यस्थ कंपनीने) पुढे केलेल्या करारावर घाईत केलेली सही आणि नंतर अंगाशी आलेली कलमं.
- ठरलेल्या कामाबाहेरची कामं हळूहळू गळ्यात पडणं.
- एकाच क्लायंटवर सगळी मदार.

यातली एक घ्या. पाचही एका कोर्समध्ये कोंबल्या की वाचणाऱ्याला तो कोर्स कोणासाठीच नाही असं वाटतं.

कुठली घ्यायची हे घरात बसून ठरवू नका. दहा-बारा कॉन्ट्रॅक्टरांशी बोला, आणि त्यांची मतं विचारण्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचारा. 'असा कोर्स आला तर घ्याल का?' या प्रश्नाला माणसं भिडेखातर 'हो' म्हणतात आणि त्या 'हो'ची किंमत शून्य असते. त्याऐवजी असे प्रश्न विचारा:

- मागचं कॉन्ट्रॅक्ट संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंत कामाचे किती दिवस गेले?
- दर शेवटचा कधी बदलला? आकडा आधी कोणी उच्चारला, तुम्ही की त्यांनी?
- एजन्सी क्लायंटकडून तुमच्या दिवसाचे किती घेते, हे तुम्हाला माहीत आहे का?
- सही केल्यानंतर पश्चात्ताप झाला असं एखादं कलम आठवतं का?
- या अडचणीवर आजवर तुम्ही काय करून पाहिलं, आणि त्यावर किती पैसे किंवा वेळ घालवला?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. ज्या अडचणीवर माणसाने आजवर ना पैसा घातला ना एक संध्याकाळ, तिच्यासाठी तो तुमच्याकडूनही काही घेणार नाही.

याच टप्प्यावर कोर्स कोणासाठी नाही, तेही लिहून काढा. ज्याचं तंत्रज्ञानच बाजारातून मागे पडलं आहे, त्याला वाटाघाटीचा कोर्स तारू शकत नाही. त्याने आधी नवं कौशल्य शिकायला हवं. ज्याचं कॉन्ट्रॅक्ट नुकतंच सुरू झालं आहे आणि वर्षभर संपणार नाही, त्याला दराच्या कोर्सची आज गरज नाही. ही यादी पुढे विक्रीच्या पानावर जशीच्या तशी जाणार आहे.

तपासणी: 'यश', 'क्षमता', 'झेप', 'परिवर्तन' यांतला एकही शब्द न वापरता तुमचा कोर्स एका वाक्यात सांगता येतो का? 'कॉन्ट्रॅक्ट संपण्याआधी आठ आठवडे पुढचं काम शोधायला लागायचं, त्याचा आठवड्यागणिक आराखडा' हे चालेल. 'तुमच्या करिअरला नवी दिशा' चालणार नाही.

पायरी २: हिशेब बिलाच्या दिवसांत मांडा

इथे बहुतेकांची गाडी अडते. फी पैशांत सांगितली जाते, फायदा भावनेत सांगितला जातो, आणि दोन्हींची तुलना करायची कशी हे कॉन्ट्रॅक्टरवर सोपवलं जातं. त्याचं स्वतःचं माप मात्र एकच असतं: बिल केलेला दिवस. तुम्हीही तेच माप वापरा. शिवाय त्यामुळे कुठल्याही देशातल्या, कुठल्याही दराच्या माणसाला तोच हिशेब लागू पडतो.

वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ५ दिवस, म्हणजे २६०. सुट्ट्या, रजा, आजारपण मिळून ४० वजा करा. मधे खंड पडला नाही तर २२० दिवस बिल होतं.

आता कोर्सची खरी किंमत. समजा फी ३ दिवसांच्या बिलाइतकी आहे आणि कोर्स पुरा करायला १६ तास लागतात, म्हणजे आणखी २ दिवस. एकूण ५ दिवस. बहुतेक विक्रेते हे शेवटचे २ दिवस मोजतच नाहीत. कॉन्ट्रॅक्टर ते पहिल्या मिनिटाला मोजतो, आणि तुम्ही गाळलेत हेही त्याच्या लक्षात येतं.

फायद्याची बाजू: दर ५ टक्क्यांनी वाढला तर २२० दिवसांवर जुन्या दराचे ११ दिवस जास्त मिळाले. नुसती बरोबरी व्हायला सुमारे २.३ टक्के वाढ पुरते. दुसऱ्या रीतीने पाहिलं, तर दोन कॉन्ट्रॅक्टमधला खंड एका आठवड्याने कमी झाला की ५ दिवस वाचले आणि कोर्सची किंमत तंतोतंत वसूल झाली.

इथवर सगळं गोड आहे. आता कडू भाग, आणि तो तुम्ही स्वतःच मांडायचा. दर सहसा नूतनीकरणाच्या वेळीच बदलतो. समोरच्याच्या कॉन्ट्रॅक्टचे अजून ८ महिने बाकी असतील, तर या वर्षात वाढीव दराचे फक्त ४ महिने मिळतात. ते झाले सुमारे ७३ दिवस. त्यावर ५ टक्के म्हणजे ३.७ दिवस. खर्च ५ दिवसांचा. या वर्षी कोर्स तोट्यात गेला. हा आकडा लपवू नका. त्याला सांगा की या वर्षात वसुली होणार नाही, नूतनीकरणाला तीन महिने उरतील तेव्हा या. असं ऐकलेला माणूस तुमच्या पुढच्या आकड्यावर विश्वास ठेवतो.

हे गणित एका साध्या तक्त्यात घाला. दर, बिलाचे दिवस, कॉन्ट्रॅक्ट संपायची तारीख आणि कोर्सला लागणारे तास ज्याने त्याने स्वतः भरायचे. सूत्रं उघडी ठेवा, एकही रकाना कुलूपबंद नको.

सावधान: तक्त्यात 'अपेक्षित वाढ' या रकान्यात तुमचा आकडा भरून ठेवू नका. तो रिकामा सोडा. १० टक्के आधीच भरलेले दिसले की वाचणारा तक्ता बंद करतो.

पायरी ३: पुरावा गोळा करा, तोही छेद देता येईल असा

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पातळ्यांवर मांडलं: शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर त्याची वागणूक बदलली का, आणि त्यातून फळ काय मिळालं. विक्रीच्या पानांवरचे बहुतेक अभिप्राय पहिल्याच पातळीवर अडकलेले असतात. 'फार छान कोर्स, डोळे उघडले.' कॉन्ट्रॅक्टरच्या लेखी याला काही अर्थ नाही.

विक्रेते मग उडी मारून थेट चौथ्या पातळीवर जातात: 'यांचा दर ३० टक्क्यांनी वाढला!' इथे शंकेखोर माणूस लगेच विचारतो, कोर्स केला नसता तर वाढला नसता का? प्रश्न रास्त आहे. माणसं करिअरच्या कोर्सकडे वळतात ती हातात काम नसताना, म्हणजे सगळ्यांत वाईट काळात. त्यानंतर बऱ्याच जणांची परिस्थिती आपोआपही सुधारते. बाजार चढता असेल तर दर सगळ्यांचेच वाढतात. त्यामुळे चौथ्या पातळीवरचं श्रेय पूर्ण स्वतःकडे घेऊ नका.

तुम्हाला प्रामाणिकपणे दाखवता येईल ती तिसरी पातळी, म्हणजे वागणुकीतला बदल. आधी त्या माणसाने एजन्सीला दराबद्दल काय लिहिलं होतं, कोर्सनंतर काय लिहिलं. आधी कराराचं कुठलं कलम तसंच मान्य केलं होतं, नंतर कुठला बदल सुचवला आणि तो मान्य झाला का. पुढचं काम शोधायला आधी कधी सुरुवात केली होती, आता कधी केली. हे कागद दाखवता येतात.

प्रत्येक उदाहरण एकाच साच्यात लिहा:

१. कामाचा प्रकार आणि कराराचा प्रकार (दिवसाच्या दरावर की ठरलेल्या रकमेवर).
२. आधीची स्थिती, तारखेसह.
३. कोर्समधली कुठली गोष्ट प्रत्यक्ष वापरली.
४. काय बदललं, किती दिवसांनी.
५. या बदलामागे आणखी काय कारणं असू शकतात.

पाचवा मुद्दा गाळावासा वाटेल. गाळू नका, कारण शंकेखोर माणसाच्या मनात उमटणारा प्रश्न तोच असतो.

दुसरं, भाजक सांगा. 'पन्नास जणांना फायदा झाला' याला अर्थ येतो तो किती जणांनी कोर्स घेतला, किती जणांनी पुरा केला आणि किती जणांनी चौकशीला उत्तर दिलं हे सांगितल्यावरच. पुरा करणाऱ्यांचा आकडा कमी असेल याची लाज वाटून घेऊ नका, पण तो लपवूही नका. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसचा जो अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला, त्यात २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी कोर्स पुरा केल्याचं दिसलं. फुकटचे आणि विकतचे कोर्स यांची थेट तुलना होत नाही हे खरं. पण ऑनलाइन कोर्स अर्ध्यावर टाकले जातात हे कॉन्ट्रॅक्टरला स्वानुभवाने माहीत असतं, तेव्हा तुमच्याकडे सगळेच शेवटपर्यंत पोहोचतात असं सांगून भागणार नाही.

अजून एकही उदाहरण हाताशी नसेल, तर सहा-आठ जणांची पहिली तुकडी कमी फीमध्ये घ्या. सवलतीच्या बदल्यात स्तुती मागू नका, नोंदी मागा: कधी काय केलं, काय उत्तर आलं. वाईट निकालही छापणार हे आधीच सांगून ठेवा.

सावधान: क्लायंटचं नाव आणि दर हे बऱ्याच करारांत गोपनीय असतात. उत्साहाच्या भरात एखाद्याने ते तुम्हाला पाठवले आणि तुम्ही छापले, तर करारभंग त्याच्या माथी येतो. नावं, रकमा, तारखेतला दिवस काढून टाका, आणि छापण्याआधी अंतिम मजकुरावर लेखी संमती घ्या. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा काहीही दिलं असेल तर तिथेच नमूद करा. खोट्या अभिप्रायांवर अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून दंडाची तरतूद असलेला खास नियम लागू आहे. पण नियम नसता तरी हा ग्राहक अभिप्रायातला फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते शोधून पाहतोच, आणि तोच चेहरा तीन वेगळ्या नावांनी सापडला की सगळं संपतं.

पायरी ४: विक्रीचं पान

पहिल्या तीन पायऱ्या नीट झाल्या असतील तर पान लिहायला फार वेळ लागत नाही. शंकेखोर वाचणारा वरून खाली वाचत नाही. तो आधी किंमत शोधतो, मग पैसे परत मिळतात का ते, मग शिकवणारा कोण. या तिन्ही गोष्टी पहिल्या पडद्यावर द्या. 'किंमत जाणून घेण्यासाठी कॉल बुक करा' असं लिहिलंत तर तो तिथूनच परततो.

शिकवणाऱ्याबद्दल एकच गोष्ट महत्त्वाची: त्याने स्वतः शेवटचं कॉन्ट्रॅक्ट कधी केलं. अलीकडे केलं नसेल तर तसं लिहा, आणि मग या विषयात त्याचा अधिकार कशावरून, तेही लिहा. उदाहरणार्थ, त्याने एजन्सीच्या बाजूने करार हाताळले असतील.

अभ्यासक्रम कृतीच्या भाषेत मांडा. 'वाटाघाटीचं मानसशास्त्र' ऐवजी 'नूतनीकरणाच्या सहा आठवडे आधी पाठवायचा ईमेल लिहाल, आणि नकार आला तर पाठवायचा दुसरा ईमेलही'.

एक धडा संपूर्ण उघडा ठेवा, आणि तो सर्वांत चांगला असू द्या. करारावरचा धडा यासाठी उत्तम, कारण वाचणारा लगेच स्वतःचा करार काढून ताडून पाहू शकतो. त्यात ही कलमं घ्या: क्लायंटने पैसे दिल्यावरच एजन्सी तुम्हाला देईल अशी अट, क्लायंटला एका आठवड्याची नोटीस आणि तुम्हाला चार आठवड्यांची, कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर काही महिने त्याच क्लायंटकडे थेट काम करायला मनाई, नुकसानभरपाईला वरची मर्यादाच नसणं, आणि तुम्ही आधीपासून वापरत आलेली स्वतःची टूल्ससुद्धा क्लायंटच्या मालकीची होतील असं मोघम लिहिलेलं बौद्धिक संपदेचं कलम. यातलं एक जरी त्याला स्वतःच्या करारात सापडलं, तरी तुमचा कोर्स त्याने तपासून पाहिला असं झालं. मात्र कायद्याचा सल्ला वकिलानेच द्यायचा, हेही त्याच धड्यात स्पष्ट लिहा.

आता काय टाळायचं. उलटे सेकंद मोजणारं घड्याळ पानावर लावू नका. हा वाचणारा तेच पान खाजगी विंडोत उघडतो आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं बघतो. आधी रेकॉर्ड केलेला वेबिनार 'लाइव्ह' म्हणून चालवू नका. ब्राउझरमधलं नेटवर्कचं पॅनल उघडलं की चॅटमधले सगळे 'उत्स्फूर्त' संदेश एकाच फाइलमधून वेळेच्या खुणांसह उतरलेले त्याला दिसतात. मग तो त्याचा स्क्रीनशॉट काढतो आणि ओळखीच्या दहा कॉन्ट्रॅक्टरांना पाठवतो. रेकॉर्डिंग असेल तर रेकॉर्डिंग म्हणा, कोणी काही बोलत नाही.

तपासणी: पान एका अशा कॉन्ट्रॅक्टरला द्या ज्याला तुमच्याबद्दल काडीची आपुलकी नाही. प्रत्येक दाव्यापुढे त्याने 'तपासता येतं' किंवा 'येत नाही' एवढंच लिहायचं. 'येत नाही' असलेली वाक्यं काढून टाका. पान अर्ध्यावर आलं तरी चालेल.

पायरी ५: पहिला संपर्क

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घाऊक संदेश पाठवू नका. 'तुमचं प्रोफाइल पाहून प्रभावित झालो' या सुरुवातीचे संदेश कॉन्ट्रॅक्टरला रोज येतात. पायरी २ चा तक्ता किंवा पायरी ४ मधली कलमांची यादी ईमेल पत्ता न मागता खुली ठेवा. ज्याला उपयोग होईल तो स्वतः शोधत येईल. यादीवर कोणाला घ्यायचं असेल तर त्याची संमती घ्या आणि बाहेर पडायचा दुवा एका टिचकीचा ठेवा. युरोपीय संघातल्या लोकांची माहिती साठवत असाल तर मे २०१८ पासून लागू असलेले जीडीपीआरचे (तिथल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचे) नियम तुम्हाला लागू पडू शकतात, तुम्ही कुठूनही विकत असलात तरी.

संदेश पाठवायचाच असेल तर तो त्या माणसाने जाहीरपणे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असावा. आधी पूर्ण उत्तर, शेवटी एक ओळ: 'या विषयावर माझा विकतचा कोर्स आहे, पण वरच्या उत्तरासाठी तो लागत नाही.'

पायरी ६: संभाषण

कॉल अर्ध्या तासाचा ठेवा आणि सुरुवातीलाच सांगा की कोर्स उपयोगाचा नसेल तर तसं स्पष्ट सांगणार आहात. पहिली दहा मिनिटं पायरी १ चे प्रश्न. पुढची दहा मिनिटं त्याच्या आकड्यांनी तक्ता भरायचा, त्याच्यासमोर, स्क्रीन शेअर करून. आकडे त्यालाच बोलू द्या. उरलेला वेळ त्याच्या शंकांचा.

शंका ठरलेल्या असतात. उत्तरंही आधीच तयार असावीत, पण पाठ केल्यासारखी नकोत.

*'हे सगळं नेटवर फुकट मिळतं.'*
बरोबर आहे, बरंचसं मिळतं. कबूल करा. मग तुम्ही काय जास्त देता ते सांगा: 'माहिती फुकट मिळते. तुमचा ईमेल आणि तुमचा करार माणसाने वाचून दिलेला अभिप्राय मिळत नाही. माझ्या फीचा मोठा भाग त्याचा आहे.' तुमच्या कोर्समध्ये तसा अभिप्राय नसेल, नुसते व्हिडिओच असतील, तर त्याचं म्हणणं खरं आहे. फी कमी करा किंवा अभिप्राय जोडा.

*'तुम्ही कोर्स विकून कमावता, कॉन्ट्रॅक्टिंग करून नाही.'*
चिडू नका, बचावात्मक होऊ नका. जे खरं आहे ते सांगा. 'हो, गेल्या वर्षी माझं निम्मं उत्पन्न शिकवण्यातून आलं' असं कोणी शांतपणे म्हटलं की विषय तिथेच मिटतो. उडवाउडवीचं उत्तर दिलंत तर उरलेला कॉल वाया.

*'माझी अडचण बाजाराची आहे, माझी नाही.'*
कधीकधी खरंच तसं असतं. विचारा: 'गेल्या तीन महिन्यांत किती ठिकाणी अर्ज केले, किती मुलाखती झाल्या, किती ठिकाणी दरावर बोलणं आलं?' अर्जांना उत्तरच येत नसेल तर अडचण मागणीची किंवा सीव्हीची. मुलाखती होतात पण काम मिळत नाही, तर मुलाखतीची. काम मिळतं पण कमी दराने, तर वाटाघाटीची. तुमचा कोर्स यातल्या ज्या टप्प्याचा असेल, तिथेच तो अडला असेल तर विका. नाहीतर सांगा की हा तुमच्या कामाचा नाही.

*'हमी द्या.'*
उत्पन्नाची हमी कधीही देऊ नका. ती तुमच्या हातात नाही, आणि देणाऱ्याकडे हा ग्राहक जास्तच संशयाने बघतो. जे तुमच्या हातात आहे त्याची हमी द्या: पाठवलेला मसुदा तीन कामाच्या दिवसांत वाचून परत, ठरलेल्या संख्येने वैयक्तिक सत्रं, त्यात चूक झाली तर त्या भागाचे पैसे परत.

*'विचार करून सांगतो.'*
'जरूर' म्हणा. भरलेला तक्ता त्याला पाठवून द्या आणि विचारा की पुन्हा केव्हा बोलू, की तुम्हीच कळवाल? त्याने 'मी कळवेन' म्हटलं तर एकही आठवण पाठवू नका.

सावधान: 'आज कॉलवरच घेतलात तर सवलत' हे वाक्य उच्चारलंत की आधीच्या पंचवीस मिनिटांचा प्रामाणिकपणा पुसला जातो.

पायरी ७: अटी आणि रिफंड

कॉन्ट्रॅक्टर कागद वाचतो, म्हणून अटी एका पानात, साध्या भाषेत. काय मिळणार, किती दिवसांत, किती काळ बघता येणार, पैसे कधी आणि कसे परत. 'लाइफटाइम ॲक्सेस' लिहिणार असाल तर कोणाचा लाइफटाइम ते लिहा. त्यापेक्षा 'तीन वर्षं' हे स्वच्छ. आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणी ठेवू नका.

रिफंडची मुदत इतकी ठेवा की त्यात पहिली गोष्ट प्रत्यक्ष वापरून पाहता येईल. वाटाघाटीच्या कोर्सला सात दिवस म्हणजे काहीच नाही. तीस दिवस रास्त. 'सगळे स्वाध्याय पुरे केल्याचा पुरावा द्या, मग पैसे परत' असली अट घालू नका. ती अट पैसे परत न करण्यासाठीच असते, हे त्याला वाचताक्षणी कळतं.

बिल त्याच्या व्यवसायाच्या नावाने लागेल, त्यासाठी लागणारे तपशील आधीच विचारून घ्या. खर्च करातून वजा होतो की नाही हे तुम्ही सांगू नका. ते देशागणिक, आणि कधीकधी कोर्सच्या स्वरूपागणिकही, बदलतं. 'तुमच्या हिशेबनिसाला विचारा' एवढंच म्हणा.

पायरी ८: विक्रीनंतरचे पहिले दोन आठवडे

कोर्स अर्ध्यावर सुटतो तो इथेच. पैसे आले की बहुतेक विक्रेते पुढच्या ग्राहकाकडे वळतात, आणि घेणारा चाळीस व्हिडिओंची यादी बघून 'शनिवारी बघू' म्हणतो.

पहिलं काम एका बैठकीत संपणारं द्या आणि त्यातून हातात काहीतरी पडू द्या: स्वतःच्या कराराची पाच कलमं तपासलेली यादी, किंवा एजन्सीला पाठवायच्या ईमेलचा मसुदा. तो मसुदा तुमच्याकडे आला की त्याच आठवड्यात वाचून परत पाठवा.

दुसरं, कोर्सचं वेळापत्रक त्याच्या कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या तारखेला बांधा. समजा बारा आठवडे उरले आहेत. पहिले दोन आठवडे सीव्ही आणि केलेल्या कामाची मुद्देसूद नोंद. आठ आठवडे उरले की जुने क्लायंट आणि एजन्सी यांच्याशी बोलणं सुरू. सहा आठवडे उरले की सध्याच्या क्लायंटला नूतनीकरणाबद्दल लेखी विचारणा. चार आठवडे उरले आणि होकार आला नाही, तर नवं काम मिळवणं हेच मुख्य काम. धडे त्या त्या आठवड्याच्या आधी उघडतील अशी मांडणी करा. सगळे एकदम बघायचे असतील तर तीही मोकळीक ठेवा.

तीन आणि सहा महिन्यांनी चौकशी करा. चारच प्रश्न: काय वापरलं, काय वापरलं नाही, काय बदललं, हा बदल कोर्सशिवायही झाला असता असं वाटतं का? ही उत्तरं पुन्हा पायरी ३ मध्ये जातात.

ओळखीतल्यांना सांगायला सुचवायचं ते या चौकशीनंतरच, आणि तेही ज्याला उपयोग झाला त्यालाच. शिफारशीवर कमिशन देऊ नका. कॉन्ट्रॅक्टर एकमेकांच्या शब्दावर काम देतात-घेतात. त्या शब्दाला पैसे चिकटले आहेत असं कळलं तर शिफारस करणाऱ्याचीही पत जाते आणि तुमचीही.

अडलं कुठे, ते ओळखा

- पान बघतात, कॉल करत नाहीत: अडचण मोघम आहे. पायरी १.
- कॉल छान होतात, विक्री होत नाही: तक्त्यात वसुली दिसत नाही. फी जास्त आहे, किंवा चुकीच्या वेळी गाठलेली माणसं आहेत. पायरी २.
- विक्री होते, पहिलं काम कोणी करत नाही: पहिलं काम मोठं आहे. निम्मं करा.
- रिफंड एकदम वाढले: गेल्या महिन्यात पानावर कुठलं वाक्य नवं घातलं ते बघा. बहुधा तिथे दिलेलं वचन कोर्स पाळत नाही.
- रिफंड शून्य: खूश होण्याआधी परत मागण्याची वाट स्वतः चालून बघा. दुसऱ्या ईमेल पत्त्यावरून कोर्स घ्या, पैसे परत मागा, आणि किती दिवसांत, किती प्रश्नांनंतर येतात ते मोजा. दोनपेक्षा जास्त प्रश्न विचारले गेले तर वाट अडलेली आहे. ती आजच मोकळी करा, आणि आधी ज्यांनी मागितले पण मिळाले नाहीत त्यांना स्वतःहून लिहा.